आईच्या मांडीच्या मापाचं टेबल

आमची आई जेवायला मांडी घालूनच बसते. वय झालं, गुडघे कुरकुरतात, जमिनीवर बसलं तर उठताना दोघांनी हात द्यावा लागतो, पण खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून जेवणं तिला मान्य नाही. ती खुर्चीवरही मांडी घालते. बाजारातल्या डायनिंगच्या खुर्चीची बैठक साधारण सोळा-सतरा इंच खोल असते, त्यामुळे तिचे गुडघे दोन्ही बाजूंनी बाहेर आणि टेबलाखालची आडवी पट्टी बरोबर गुडघ्याच्या वाटीवर. म्हणून ती टेबलापासून हातभर लांब बसून ताट मांडीवर घ्यायची.

फर्निचरच्या दुकानांत मी बरीच हिंडले. सगळीकडे विचारलं, "बैठक खोल असलेलं बाक मिळेल का?" प्रत्येकाने मला सोफा दाखवला. एका विक्रेत्याने तर "मॅडम, आईंना सवय लावा" असा सल्ला दिला. सत्तरी ओलांडलेल्या बाईला सवय लावण्यापेक्षा बाक आणि त्याच्या मापाचं टेबल बनवणं सोपं, एवढं मला त्याच क्षणी कळलं. सुतारकामाची थोडी ओळख होती. घरातली शेल्फं, चपलांचा स्टँड वगैरे मी प्लायवुडमध्ये केलेलं होतं. भरीव लाकडात मोठं काही केलं नव्हतं.

सुरुवात लाकडापासून नाही, मापापासून केली. आईला दिवाणावर मांडी घालून बसवलं आणि टेप लावला. बैठकीपासून गुडघ्याचा वरचा भाग ९ इंच. तरुण माणसाचा गुडघा मांडी घातल्यावर खाली टेकतो, हिचा टेकत नाही, वरच राहतो, त्यामुळे हा आकडा महत्त्वाचा. पाठीपासून गुडघ्यापर्यंत २४ इंच. एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत २७. आई म्हणाली, "शिंप्याकडेसुद्धा एवढी मापं देत नाही मी."

यातून सगळं ठरत गेलं. बाकाची उंची १७ इंच, खोली २२. गुडघे दोन इंच बाहेर आले तरी चालतात, बूड आणि पावलं पूर्ण बाकावर हवीत. टेबलाची उंची २९. म्हणजे बैठकीपासून टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत १२ इंच, जे पाय खाली सोडून बसणाऱ्यांनाही सोयीचं. टॉपची जाडी सव्वा इंच धरली तर खाली पावणेअकरा इंच मोकळे राहतात आणि ९ इंचांचे गुडघे आरामात आत जातात. अट एकच: टॉपच्या कडेखाली नेहमी असते ती तीन-चार इंची पट्टी नको. ती लावली की उरलेली जागा सात इंच, आणि पुन्हा तेच.

ती पट्टी नसेल तर टेबल डुगडुगणार नाही का? चार पायांना बांधून ठेवणारी तीच असते. म्हणून चार सुटे पाय सोडून दिले आणि दोन टोकांना दोन चौकटी घेतल्या. त्यांना जोडणारी एक जाड आडवी तुळई टॉपच्या बरोबर मध्यावरून, जमिनीपासून फूटभर उंचीवर. कुणाच्याच गुडघ्याला लागणार नाही अशी. या तुळईची टोकं चौकटीतून आरपार बाहेर काढायची आणि बाहेर आलेल्या टोकाला, म्हणजे कुसवाला, भोक पाडून त्यात पाचर ठोकायची. खिळा नाही, स्क्रू नाही. पाचर काढली की टेबल सुटं होतं, आणि आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये काय मावतं याचा विचार करता हा मुद्दा सजावटीचा नव्हता.

लाकूड सागवानच घ्यायचं होतं. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक चक्कर मारली की डोकं गरगरतं. सीपी (जुन्या मध्य प्रांताचा साग), बल्लारशा (म्हणजे बल्लारपूर), घाना, इक्वेडोर, आणि अजूनही "एक नंबर बर्मा". म्यानमारने ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ पासून बंद केली, त्यामुळे बर्मा म्हटलं की मी पुढचं ऐकायचं सोडून देते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा साग उत्तमच. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये लाकूड गेलं ते बल्लारपूरहून. पण त्याचा भाव ऐकून मी चहा पिऊन परत आले.

मग जुन्या लाकडाकडे वळले. पेठांमधले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या, कड्या आणि फळ्या विकत घेणारे व्यापारी असतात. एकाच्या वखारीत कड्यांचा ढीग होता, ४ बाय ५ इंची, वरून काजळी आणि ऑइलपेंट, आतून काय ते देव जाणे. हातात चाकू घेऊन गेले होते. वरचा थर खरवडला की सागाचा सोनेरी तपकिरी रंग दिसतो, बोटाला किंचित तेलकट लागतो आणि कातड्यासारखा वास येतो. सगळ्याच कड्या सागाच्या नव्हत्या. ऐन आणि इतर जंगली लाकूडही त्यात बेमालूम मिसळलेलं होतं.

घनफुटाचा हिशेब सोपा आहे आणि तो स्वतः करावा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागायचं. ७ फुटी कडी ४ बाय ५ ची असेल तर ०.९७, म्हणजे जवळजवळ १ घनफूट. घासाघीस भावावर होत नाही, ती लांबीवर होते. कडीची भिंतीत गेलेली टोकं ओल धरून कुजलेली असतात किंवा वाळवीने पोखरलेली. व्यापारी टोकापासून टोकापर्यंत टेप लावतो. मी टोकावर पटाशी (सुताराची छिन्नी) टोचत गेले आणि पटाशी आत गेली तिथे खडूची रेघ मारली. "ताई, असं कोणी मोजत नाही," असं तो म्हणत राहिला, पण प्रत्येक कडीमागे अर्धा फूट त्याने सोडला. दहा कड्या घेतल्या.

आता खिळे. ज्यांना जुन्या लाकडात काम करायचंय त्यांनी हा परिच्छेद सावकाश वाचावा. कडीवर पाट ठोकलेले असतात, म्हणजे दर हातभर अंतरावर खिळा, आणि तोही लोहाराने घडवलेला चौकोनी. त्याचं डोकं गंजून उडालेलं असतं आणि बाकीचा खिळा आत शाबूत. वरून फक्त एक काळा डाग दिसतो, कारण लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांची क्रिया होऊन लाकूड तिथे निळसर काळं पडतं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून मी प्रत्येक बाजूवरून फिरवत गेले. चुंबक जिथे ओढ घेईल तिथे खूण. मग त्या खुणेभोवती बारीक पटाशीने उकरून, खिळ्याची मान पकडीत येईपर्यंत खाली जायचं. ओढताना तो सरळ निघत नाही, आधी थोडा फिरवावा लागतो, मग किंचाळत वर येतो. काही तुटले. ते ड्रिलने भोवती पोखरून काढले. संध्याकाळी हाताची बोटं मिटत नसत.

हे सगळं कशासाठी, तर सॉ मिलवाला जुनं लाकूड बघूनच मान हलवतो. खिळ्याला लागून करवतीचा पट्टा तुटला तर माणसं जखमी होऊ शकतात आणि नुकसान वेगळंच. दोघांनी सरळ नकार दिला. तिसऱ्याने अट घातली: पट्ट्याला काही झालं तर खर्च माझा. मी चुंबक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुम्हीच फिरवा. त्याने फिरवलं, एक खिळा शोधून काढला (मला वाटतं त्याला तेवढं समाधान हवं होतं) आणि मग काम घेतलं. कडी उभी चिरली गेली तेव्हा काजळीखालून जे निघालं ते बघून मिलमधली दोन-तीन माणसं काम सोडून बघायला आली.

जुन्या रंगाबद्दल एक सावधगिरी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, त्यातही पन्नास-साठ वर्षं जुन्या ऑइलपेंटमध्ये किती शिसं असेल याचा भरवसा नाही. तो घासून उडवू नये. मी मास्क लावून, उघड्यावर, पाणी मारून पत्र्याने खरवडला आणि खरवड गोळा करून बांधून टाकली. घरात लहान मूल असेल तर हे काम घरापासून लांबच करावं.

पुढचं काम एका ओळखीच्या सुतारकाकांच्या शेडमध्ये केलं. त्यांना जागेचं भाडं आणि मशीनचे पैसे द्यायचे, अडलं तर विचारायचं, असा व्यवहार. सागात सिलिका असते, त्यामुळे रंध्याचं पातं बघता बघता बोथट होतं. काका दर थोड्या वेळाने पातं काढून दगडावर घासायला लावायचे. मला आधी ते छळ वाटलं. पण ताज्या धारेने रेशाच्या दिशेने रंधा मारला की लांब, अखंड, कागदासारखी पातळ साल निघते आणि खालचं लाकूड पॉलिश न करताच चमकतं. बोथट पात्याने तेच लाकूड ओरबाडल्यासारखं दिसतं.

टॉपसाठी सात फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या. साग तेलकट असल्यामुळे गोंद धरत नाही अशी तक्रार लोक करतात. चिकटवायच्या जरा आधी कडा थिनरने पुसून घ्यायच्या आणि तेल परत वर यायच्या आत फेविकॉल मरीन लावून क्लॅम्प आवळायचे, एवढंच. रात्रभर ठेवलं की सुटत नाही.

काकांशी माझा खरा वाद झाला तो टॉप बसवताना. त्यांचं म्हणणं, खालून सरळ स्क्रू मारून टाक, हे लाकूड शंभर वर्षं वाळलंय, आता हलायचं नाही. मला ते पटेना. लाकूड कितीही जुनं असलं तरी हवेतला दमटपणा ते घेतं आणि सोडतं. लांबीत त्याने फारसा फरक पडत नाही, रुंदीत पडतो. पुण्यात एप्रिलमधली कोरडी हवा आणि जुलै-ऑगस्टमधली दमट हवा यांत जमीन-अस्मानाचा फरक. ३३ इंच रुंद टॉप दोन्ही बाजूंनी जखडला तर तो एक तर वाकेल नाही तर तडकेल. म्हणून चौकटीतली मधली भोकं गोल ठेवली आणि कडेची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट केली, म्हणजे टॉप मध्यावर धरलेला राहतो आणि दोन्हीकडे सरकायला मोकळा. काका म्हणाले, "कर तुझ्या मनासारखं, टेबल तुझं आहे." शेवटचा हात फिरवून झाल्यावर मी एप्रिलमध्ये रुंदी मोजून टॉपच्या पोटाला पेन्सिलने लिहून ठेवली. ऑगस्टमध्ये ती ४ मिलिमीटरने वाढली होती. काकांना फोन केला तर म्हणाले, "टेप बदलला असशील."

पॉलिश निवडताना आमच्या स्वयंपाकाचा विचार करावा लागला. लाखेचं पॉलिश दिसायला सर्वांत सुंदर, पण गरम पातेलं टेकलं की पांढरा डाग. नुसतं अळशीचं तेल लावलं तर हळद आत मुरते. शेवटी पायांना आणि बाकाच्या खालच्या भागाला तेल आणि टॉपला कापडाने पुसून लावायचं पॉलियुरेथेन, पातळ हात, दर दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पॉलिश पेपर. तरी हळदीचा डाग पडलाच तर घाबरायचं कारण नाही, टेबल उन्हाच्या तिरिपेत सरकवलं की तो काही दिवसांत फिका पडतो. मात्र अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेटू शकतात. पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून मग टाकायची.

खिळ्यांची भोकं मला तशीच ठेवायची होती. वाड्याची खूण म्हणून. आईने एकदा बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, "यात वरण गेलं की मुंग्या कोण काढणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सागाचा भुसा अॅरल्डाइटमध्ये कालवून सगळी भोकं भरली. भोवतालचे काळे डाग मात्र राहू दिले, त्यांत वरण जात नाही.

बाकाला आईच्या टोकाला एक जास्तीची गोष्ट केली. तिथला पाय बैठकीच्या वर आठ इंच काढून त्याचं डोकं गोल घासलं. मांडी सोडून उठताना तळहात त्यावर टेकतो. हे कुठल्या चित्रात पाहिलेलं नाही, ती उठताना आधाराला हात कुठे नेते ते दोन-चार जेवणं बघितलं, एवढंच. उंची आधी पुठ्ठ्याची नळी बांधून पाहिली, मग लाकूड कापलं.

खर्चाचं विचाराल तर लाकूड, मिल, भाडं आणि सामान मिळून बाजारातल्या चांगल्या सेटइतकाच झाला. माझे शनिवार-रविवार त्यात धरलेले नाहीत.

समोरच्या बाजूला तूर्त जुन्या खुर्च्याच आहेत, तिथे दुसरं बाक करायचंय. ते नेहमीच्या १६ इंच खोलीचं करावं असं ठरलं होतं, कारण बाकीचे सगळे पाय सोडून बसणारे. पण आता मुलगा आणि नवरा दोघंही आजीच्या बाकावर जागा धरतात आणि मांडी ठोकून बसतात. म्हणजे दुसरंही बाक खोलच करावं लागणार. त्याला सहा इंच जास्त लागतात, आणि ते फ्रिज हलवल्याशिवाय मिळत नाहीत. फ्रिजच्या नव्या जागी प्लगपॉइंट नाही, तेव्हा पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं.