तुम्ही विचारलंत म्हणून : पिंटरेस्टवरून मराठी वाचक येतात का?

येतात. हे आधीच सांगून टाकते, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना तेवढंच हवं असतं.

मी सांगलीत राहते. सणवार, रुखवत, रांगोळी आणि आमच्या भागातले जुने धंदे यांवर मराठीत लेख लिहिते आणि माझ्या छोट्याशा साइटवर टाकते. त्यांना वाचक मिळावेत म्हणून मी पिंटरेस्ट हे चित्रं शोधून जमवायचं ॲप वापरते म्हटलं की समोरचा जरा थबकतो. तासगावची माझी मावसबहीण तर सरळ म्हणाली, “अगं, तिथं बायका ब्लाउजचे गळे बघायला जातात. तुझा लेख कोण वाचणार?”

तिचं म्हणणं अगदी खरं आहे आणि माझं सगळं गणित त्यावरच बसलेलं आहे. इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्ट दोन्ही 2010 सालचे, दोन्ही चित्रांचे, पण माणूस तिथं जातो तो वेगवेगळ्या कामाला. इन्स्टावर आपण लोकांना बघायला जातो. कोण कुठं फिरायला गेलं, कुणी काय नेसलं. पिंटरेस्टवर जाणारीला काहीतरी करायचं असतं. पुढच्या महिन्यात बारसं आहे, पाळणा कसा सजवू? लेकीचं लग्न ठरलंय, रुखवतात नवीन काय मांडू? माझ्या आईकडं एक जाड वही होती. मासिकातलं विणकाम, पाककृती, पडद्यांचे नमुने, दिसेल ते कापून ती त्यात चिकटवायची. पिंटरेस्ट म्हणजे तीच वही, फक्त एका फरकानं. आईच्या वहीतलं कात्रण कुठल्या मासिकातलं, हे दोन वर्षांनी तिलाही सांगता यायचं नाही. इथं चित्राला चिकटलेली लिंक चित्राबरोबरच राहते. कुणी नाशिकमध्ये माझं चित्र आपल्या बोर्डवर, म्हणजे तिथल्या वहीच्या पानावर, ठेवलं आणि तिथून तिच्या नणंदेनं उचललं, तरी दाबल्यावर माझाच लेख उघडतो. फॉरवर्ड होत होत माझ्याच रांगोळीचा फोटो मला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘किती सुंदर ना!’ म्हणून आलेला आहे, बिननावाचा. त्यामुळं या एका गोष्टीची मला फार किंमत वाटते.

इन्स्टाच्या पोस्टखाली लिहिलेली लिंक दाबता येत नाही. प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीत द्यावी लागते आणि स्टोरी चोवीस तासांत जाते. मी इन्स्टा सोडलेलं नाही, ओळखीपाळखीला ते चांगलं आहे. पण लेखापर्यंत माणूस आणायचा तर दुसरीकडं.

आता खरी गोम. कुठलं चित्र लावायचं? ज्यांना वाटतं सुंदर फोटो काढला की झालं, त्यांना मी हरिपूरच्या पेवांची गोष्ट सांगते. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या मातीत खोल खड्डे खणून हळद साठवायची रीत होती, तीच पेवं. तोंड बंद केलं की आत हवा खेळत नाही, त्यामुळं कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, जीव गुदमरेल. 2005 च्या महापुरात पेवांमध्ये पाणी शिरलं, त्यानंतर बरीचशी वापरातून गेली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेवं म्हणजे काय हे आमच्याच गावातल्या पोरांना सांगावं लागतं. लिहायला विषय सोन्यासारखा. आणि पेवाच्या तोंडाचा फोटो पिंटरेस्टवर लावला तर? कोण शोधणार? ज्याला पेव हा शब्दच माहीत नाही, तो तो शब्द टाइप तरी कसा करेल?

म्हणून त्या लेखासाठी मी चित्र लावलं ते बरणीतल्या हळकुंडांचं, वर अक्षरं : ‘वर्षाची हळद कीड न लागता कशी ठेवायची’. हे मात्र शोधतात. घराघरातला प्रश्न आहे. लेखात आधी त्याचं सरळ उत्तर आहे : हळकुंडं कडकडीत वाळवा, कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, लागेल तशी दळून आणा. आणि मग, ‘आमच्याकडं हेच जमिनीखाली कसं करायचे’ म्हणून पेवं येतात. बरणीसाठी आलेली बाई पेवापर्यंत पोचते. सगळ्या नाही पोचत, पण ज्या पोचतात त्या शेवटपर्यंत वाचतात.

मात्र चित्रावर लिहिलेलं लेखात मिळालंच पाहिजे. ‘मोफत नमुने’ लिहायचं आणि आत चार ओळी आणि पंधरा जाहिराती, असल्या प्रकाराचा मला मनस्वी संताप आहे. उलट सगळंच चित्रावर कोंबायचं, साहित्य-कृतीसकट, हेही नको. सगळं तिथंच वाचून झालं तर ती आत कशाला येईल?

फोटोबद्दल विचारता, तर माझ्याकडं साधा फोन आहे. चित्र उभं हवं, रुंदीपेक्षा उंची दीडपट. 1000 बाय 1500 पिक्सेल हे पिंटरेस्टनंच सुचवलेलं माप. त्याहून लांब केलं तर खालचा भाग कापला जातो. बाकी सगळं उजेडावर. संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांचंच घ्या. पांढरा हलवा, खाली काळी चंद्रकला साडी. यापेक्षा देखणा विषय शोधून सापडणार नाही. पण फोन काळा रंग बघून फोटो उजळ करतो आणि हलवा नुसता पांढरा डाग होऊन बसतो. शेगडीच्या मंद आचेवर, थेंब थेंब पाक सोडत, बोटं भाजून घेत साबुदाण्यावर आणि खसखशीवर जो काटा फुलवलेला असतो तोच नाहीसा! काटा दिसला नाही तर मग बाजारातल्या साखरेच्या गोळ्या काय वाईट? तर स्क्रीनवर हलव्यावर बोट टेकवायचं, उजेडाची खूण खाली ओढायची आणि उजेड खिडकीतून आडवा येऊ द्यायचा, सकाळी. आडव्या उजेडात एकेका दाण्याला सावली पडते. फ्लॅश अजिबात नको.

अक्षरं देवनागरीत टाकताना डोळ्यांत तेल घालून बघा. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात. ‘बोरन्हाण’ लिहावं तर ‘न’चा पाय मोडून शेजारी ‘ह’ वेगळा उभा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षर ओलांडून पलीकडं. परक्याला कळत नाही, पण मराठी वाचणारीला ते ताटातल्या खड्यासारखं लागतं. मुक्ता किंवा बालू हे टाइप मोफत मिळतात आणि जाड केले तरी वाचता येतात. तुमचं नाव उजव्या कोपऱ्यात खाली टाकू नका, तिथं पिंटरेस्टची स्वतःची खूण येते.

चित्राच्या वर्णनात मी मराठी वाक्यं लिहिते आणि महत्त्वाचे शब्द रोमन अक्षरांतही देते, कारण आपल्या बायका बोलतात मराठी पण शोधताना टाइप करतात इंग्रजी कीबोर्डवर. एकट्या ‘रुखवत’ची स्पेलिंग बघितलीत तर थक्क व्हाल. सगळी नाही, दोन-तीन रुळलेली घ्यायची, तीही वाक्यात बसवून. हॅशटॅगांची माळ लावून काही साधत नाही. बोर्डाचं नावही सरळ हवं : ‘संक्रांत आणि बोरन्हाण’. ‘माझं अंगण’ असलं कवितेतलं नाव ठेवलंत तर त्यावरून ना माणसाला कळतं ना यंत्राला.

आणि वेळ. सणाच्या महिना-दीड महिना आधी चित्र चढलेलं हवं. तीळगुळाच्या दिवशी बोरन्हाणाचं चित्र टाकणं म्हणजे पंगत उठल्यावर पानं मांडणं. संक्रांतीचं मी दिवाळीचे कंदील उतरवले की लगेच टाकते, त्यामुळं फोटो मागल्या वर्षीचेच असतात. पण एकदा चढलेलं चित्र दरवर्षी थंडी पडली की पुन्हा डोकं वर काढतं; बोरन्हाणावरचा माझा जुना लेख आजही नव्याला मागं टाकतो.

आकड्यांकडं बघताना एक सांभाळा. व्यवसायाचं खातं फुकट असतं, त्यात सगळे हिशेब दिसतात : किती जणांच्या नजरेखालून गेलं, किती जणांनी ठेवून घेतलं, किती जण बाहेर पडून तुमच्याकडं आले. पहिला आकडा भला मोठा असतो आणि माणूस त्यावरच खूश होतो. मिरजेच्या सतारींवर मी लिहिलं, 2024 मध्ये त्यांना आणि तानपुऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा. मंगळवेढ्याकडून येणारे ते मोठाले भोपळे, अर्धे कापून वाळत ठेवलेले! चित्र परदेशापर्यंत गेलं, अनोळखी लिपीतल्या नावांच्या बोर्डांवर जाऊन बसलं. लेख मात्र वाचला तो मोजक्याच लोकांनी, कारण लेख मराठीत. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण त्या मोठ्या आकड्याला मी वाचकही म्हणत नाही. मी फक्त तिसरा आकडा बघते.

यानंतरचा प्रश्न हमखास असतो : पैसे मिळतात का? चित्र किती जणांनी बघितलं म्हणून पिंटरेस्ट मला काही देत नाही. साइटवरच्या जाहिरातींतून साइटचा खर्च सुटतो, कधी रुखवत करणाऱ्या एखादीला माझ्यामुळं काम मिळतं आणि ती डबाभर चकल्या पाठवते. तुम्हाला विक्रीसाठी करायचं असेल तर हिशेब वेगळा, आणि तो माझ्यापेक्षा ब्लाउज शिवणाऱ्या बायकांना विचारा. त्यांना केव्हाच कळलाय.