गुपचूप नोकरी शोधायची तर सीव्हीवर लगाम हवा

नागपुरात 'हा नोकरी शोधतोय' ही बातमी फुटते ती बहुतेक वेळा चुगलीने नाही, सीव्ही भलतीकडे गेल्याने. तुम्ही नोकरी लावून देणाऱ्या एका कन्सल्टंटला सीव्ही देता, तो तीन कंपन्यांना पाठवतो आणि त्यातल्या एकीत तुमच्या मॅनेजरचा वर्गमित्र बसलेला असतो. पुण्यात हे खपून जातं, तिथे कंपन्यांचा समुद्र आहे. आपल्याकडे मिहान, परसोडीचा आयटी पार्क आणि कारखान्यांच्या बाजूने हिंगणा नि बुटीबोरी, एवढाच पसारा. त्यात व्हीएनआयटी, रामदेवबाबा, वायसीसीई या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या बॅचेस प्रत्येक ऑफिसात पसरलेल्या. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पुरतो.

कन्सल्टंटला खलनायक ठरवायचं कारण नाही, पण त्याचे पैसे कसे सुटतात ते माहीत हवं. त्याला पैसे कंपनी देते, तुम्ही नाही. आपल्याकडे रुळलेला दर वर्षाच्या सीटीसीच्या (कंपनीला पडणाऱ्या तुमच्या एकूण पॅकेजच्या) ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार. १२ लाखांच्या पॅकेजवर साधारण १ लाख. मोठ्या कंपन्या घासाघीस करून कमी देतात, वरच्या पदांना जास्त मिळतात. बिल निघतं तुम्ही जॉइन झाल्यावर, आणि ठरलेल्या मुदतीत, बहुधा ९० दिवसांत, तुम्ही सोडून गेलात तर त्याला दुसरा माणूस फुकट द्यावा लागतो किंवा फी परत करावी लागते. एकाच उमेदवाराचं प्रोफाइल दोघांनी दिलं, तर ज्याचं आधी पोचलं त्याचा हक्क. सगळी घाई इथून येते. 'आधी पाठवून ठेवू, मग विचारू' हा त्याच्या धंद्याचा हिशेब आहे, आणि तोच तुमच्या गुपिताच्या मुळावर येतो.

म्हणून पहिल्या फोनवर स्वतःची कंपनी सांगण्याआधी त्याला विचारा: नागपुरात तुमचे क्लायंट कोण? तुमचीच कंपनी त्याची क्लायंट निघाली तर तिथेच थांबलेलं बरं. बऱ्याच करारांत 'क्लायंटची माणसं फोडायची नाहीत' असं कलम असतं, त्यामुळे तो तुम्हाला उघडपणे दुसरीकडे लावू शकत नाही. शिवाय तुमच्या एचआरशी त्याचं रोजचं बोलणं असतं. उत्तर टाळणारा कन्सल्टंट असेल तर सीव्ही न देता बोलणं आवरतं घ्या.

बोलणं पटलं तर फोनवरच्या होकारावर सोडू नका. हा एवढा मजकूर मेलवर जाऊ द्या:

'नमस्कार मॅडम. जेडी (कामाचं वर्णन) वाचला, रस आहे. माझं प्रोफाइल कुठेही पाठवण्याआधी कंपनीचं नाव, पद आणि कामाचं ठिकाण कळवा. प्रत्येक कंपनीसाठी मी मेलवर होकार दिल्यावरच पाठवा. सध्याच्या कंपनीत किंवा तिच्या ग्रुप कंपन्यांत प्रोफाइल जाऊ नये, रेफरन्ससाठी फोनही जाऊ नये. संध्याकाळी ७.३० नंतर बोलू शकतो.'

यात कायद्याची भाषा नाही, पण काम होतं. लेखी नकार असताना प्रोफाइल पाठवलं आणि बोभाटा झाला तर उमेदवार हातचा जातो, हे त्याला कळतं. 'अहो सर, एवढं कशाला, विश्वास ठेवा ना' असं म्हणणाऱ्यापेक्षा 'ओके, क्लायंटचं नाव मेल करते' म्हणणारी मुलगी कामाची, मग तिची कन्सल्टन्सी दोन खोल्यांची का असेना.

स्वतःकडे एक साधी शीट ठेवा: तारीख, कन्सल्टंट, कंपनी, पद, होकार दिला का, पुढे काय झालं. दोन-तीन कन्सल्टंट पुरे. दहा जणांना सीव्ही वाटला की एकाच कंपनीत तो दोनदा पोचतो, आणि मग फीचा वाद नको म्हणून काही कंपन्या दोन्ही नोंदी बाजूला ठेवतात. तिथल्या सिस्टीममध्ये तुमची नोंद बरेच महिने त्या पहिल्या कन्सल्टंटच्या नावावर राहते, त्यामुळे नंतर ओळखीतून थेट गेलात तरी अडतं.

'कॉन्फिडेन्शिअल क्लायंट' हा प्रकार खरा असू शकतो. एखाद्या मॅनेजरला न कळवता त्याच्या जागी माणूस शोधत असतील तर कंपनी नाव सांगू देत नाही. पण 'वर्धा रोडवरची नामांकित आयटी कंपनी' एवढ्यावर सीव्ही सोडू नका. ती तुमचीच असू शकते! नाव नसेल तर नाव-कंपनी झाकलेला एक पानी सीव्ही द्या: 'नागपुरातली मध्यम आकाराची सॉफ्टवेअर सेवा कंपनी, ११ जणांची टीम, जावा आणि क्लाउड'. त्यावर बोलावणं आलं की कंपनीचं नाव आधी, सविस्तर सीव्ही नंतर.

आता नोकरीच्या साइट्स. नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांना तुमचं प्रोफाइल दिसू नये अशी सोय आहे. तिथे स्वतःच्या कंपनीचं नाव, जुनं नाव, ग्रुपमधल्या कंपन्या सगळं टाका. पण ही सोय फार भरवशाची समजू नका. ब्लॉक होतं ते कंपनीचं स्वतःचं खातं. तुमच्या कंपनीसाठी माणसं शोधणारा कन्सल्टंट त्याच्या खात्यातून शोधतो, त्याला तुम्ही दिसता, आणि तो तुमचंच प्रोफाइल उचलून तुमच्याच एचआरला पाठवतो. हसू येतं, पण होतं. निमूटपणे शोधायचं असेल तर प्रोफाइल लपवून ठेवा आणि स्वतः निवडून अर्ज करा. जाहिरात कंपनीने स्वतः टाकलेली असेल तर तो अर्ज तिच्याकडेच जातो. रोज प्रोफाइलची हेडलाइन बदलून शोधयादीत वर येण्याची युक्ती ज्यांना लपायचं नाही त्यांच्यासाठी आहे.

लिंक्डइनवर 'ओपन टू वर्क'चे दोन प्रकार आहेत. फोटोभोवती हिरवी पट्टी येते तो सगळ्यांसाठी, तो नकोच. दुसरा फक्त रिक्रूटर्सना दिसतो. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटर्सपासून तो लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण गोपनीयतेची हमी देत नाही हे तिथेच लिहिलेलं आहे. बदल नेटवर्कला कळवायची सेटिंग आधी बंद करा आणि मग प्रोफाइल नीटनेटकं करा. तेही एका रात्रीत नाही. दोन वर्षं धूळ खात पडलेल्या प्रोफाइलवर रविवारी अचानक नवा फोटो, आठ सर्टिफिकेट आणि तीनशे शब्दांचा परिचय आला की सोमवारी टीम लीड विचारतोच, काय भाऊ, कुठं चालले?

सीव्हीची फाइल घरच्या कॉम्प्युटरवर करा. ऑफिसच्या वर्डमध्ये केलेल्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून तुमचा ऑफिसचा आयडी, कधी कंपनीचं नावही बसतं, आणि पीडीएफ केली तरी जाईलच असं नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर नोकरीची साइट, वैयक्तिक मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब काहीच उघडू नका. 'मुलाखतीची वेळ कन्फर्म करा' असा चौकोन स्क्रीन शेअर करताना कोपऱ्यात उगवतो. पगाराच्या स्लिपा दर महिन्याला डाउनलोड करायची सवय ठेवा. सहा महिन्यांच्या एकदम काढल्या तर पोर्टलवर तशी नोंद राहते.

फोनचं म्हणाल, तर ट्रूकॉलर घात करतो. जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या मोबाइलवर 'अमुक एचआर कन्सल्टन्सी' झळकलं की संपलं. नंबर आधी सेव्ह करा, नाव द्या 'गॅस एजन्सी'. मिहानच्या कॅबमध्ये फोन उचलून 'हो हो, नंतर करतो' हेही नको. शेजारच्याला तो स्वर ओळखू येतो. बुटीबोरीच्या प्लांटमध्ये मोबाइल गेटवर ठेवावा लागत असेल तर कन्सल्टंटला शिफ्टचा रोटा देऊन टाका: या आठवड्यात फर्स्ट, ४ नंतर, पुढच्या आठवड्यात सेकंड, सकाळी ११ पर्यंत. नाहीतर चार मिस्ड कॉलनंतर तो 'उमेदवार प्रतिसाद देत नाही' लिहून मोकळा होतो.

पहिल्या फेऱ्या आता व्हिडिओवरच होतात. सकाळी ८ किंवा रात्री ८ ची वेळ मागा, बहुतेक देतात. धरमपेठ-रामदासपेठेतल्या कॅफेत बसून मुलाखत देऊ नका. आवाज सोडा, संध्याकाळी तिथे अर्धी आयटी गँग असते. हॉटेलात भरणाऱ्या वॉक-इन ड्राइव्हचं गुपिताशी वाकडं आहे: लॉबीत रजिस्टर, रजिस्टरात कंपनीचं नाव आणि रांगेत तुमच्याच मजल्यावरचे दोघं. प्रत्यक्ष फेरी टाळता येत नसेल तर शनिवार मागा, नाहीतर सरळ एक पूर्ण रजा टाका. वारंवार अर्ध्या दिवसाच्या रजा आणि 'डेंटिस्टकडे जायचंय' हे सगळ्यांना पाठ झालंय.

पगाराबद्दल कन्सल्टंटशी खोटं बोलू नका. पुढे स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक सगळं मागतात आणि तिथे आकडे उघडे पडतात. मात्र ही कागदपत्रं पहिल्या दिवशी द्यायची नसतात. शेवटच्या फेरीनंतर, कंपनीच्या एचआरने मागितल्यावर द्या; बँक खातं आणि पॅन झाकून, आणि प्रत्येक पानावर 'फक्त अमुक कंपनीसाठी' आणि तारीख टाकून. आधार आणि ओटीपी तर कन्सल्टंटला कधीच नाही. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट मागितलं की तो कन्सल्टंटच नव्हे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

रेफरन्ससाठी आधीच्या कंपनीतले मॅनेजर द्या. बीजीव्हीच्या (नेमणुकीआधीच्या पार्श्वभूमी तपासणीच्या) फॉर्मवर 'सध्याच्या कंपनीशी संपर्क साधावा का' असा प्रश्न असतो. तिथे 'नाही' करा आणि रिलीव्हिंग लेटर मिळाल्यावर तपासा असं लिहा. नेहमीची पद्धत तीच आहे, कुणी वाईट मानत नाही. खरा धोका अनौपचारिक चौकशीचा. नवीन मॅनेजर लिंक्डइनवर सामाईक ओळख शोधतो आणि 'अरे तो तुझ्याकडे आहे ना, कसा आहे?' विचारतो. यावर एकच उपाय: मुलाखतीत सरळ सांगा की माझ्या ऑफिसात अजून माहीत नाही, कुणाकडे विचारण्याआधी मला सांगा.

राजीनामा ऑफर लेटर हातात आल्यावरच. 'एलओआय (नुसतं इरादापत्र) पाठवतोय, तुम्ही पेपर टाका' असं कन्सल्टंट म्हणेल, कारण त्याचं बिल तुमच्या जॉइनिंग डेटला बांधलेलं आहे. लेटरमध्ये पद, ठिकाण, तारीख आणि पगाराची फोड हवी, आणि त्यातला व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग, किती तेही. नोटीस ९० दिवसांची असेल नि समोरच्याला ३० दिवसांत माणूस हवा असेल तर आपलं अपॉइंटमेंट लेटर काढून बायआउटचं, म्हणजे उरलेल्या नोटिशीचे पैसे भरून लवकर सुटण्याचं, कलम वाचा. मूळ पगारावर धरतात की ग्रॉसवर (भत्त्यांसह एकूण पगारावर), यात मोठा फरक आहे: मूळ ३० हजार, ग्रॉस ७५ हजार असेल तर ६० दिवसांचे एका हिशेबाने ६० हजार, दुसऱ्याने दीड लाख. 'कंपनीच्या मर्जीनुसार' असे शब्द असतील तर पैसे भरूनही सोडतील याची खात्री नाही, आणि कन्सल्टंटला ३० दिवस कबूल करून बसू नका. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. चार वर्षं दहा महिने झाले असतील तर जॉइनिंग डेट ढकलून घ्या.

राजीनामा टाकलात की शीटमधल्या बाकीच्या कन्सल्टंटना एकेक मेल करा: मी आता उपलब्ध नाही, प्रोफाइल पुढे पाठवू नका, तुमच्याकडचा सीव्ही काढून टाका. कुठे चाललो ते सांगू नका, ऑफिसातही नाही आणि त्यांनाही नाही. त्यातला एखादा तुमच्या रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी तुमच्याच एचआरला दुसऱ्या दिवशी फोन करतो. नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल जॉइन होईपर्यंत बंद ठेवा. जॉइन झाल्यावर नव्या कंपनीचं नाव ब्लॉकच्या यादीत टाकूनच ते उघडा.