सक्रिय अँटेनाचे इंटरमॉड्युलेशन मोजताना : माझा अनुभव

परभणीत लघुलहरी ऐकणाऱ्याला आकाशवाणीचे १३०५ किलोहर्ट्झवरील मध्यमलहरी केंद्र इतके जवळ असते की, सक्रिय अँटेनाचा (म्हणजे छोट्या दांड्याला ॲम्प्लिफायर जोडलेल्या अँटेनाचा) ॲम्प्लिफायर थोडाही अरेषीय वागला, म्हणजे आउटपुट इनपुटच्या प्रमाणात राहिले नाही, तर तेच कार्यक्रम दुप्पट वारंवारितेवर, म्हणजे २६१० किलोहर्ट्झवर, ऐकू येतात. माझ्या एक मीटर दांड्याच्या अँटेनावर ते येत असत. लांब तारेतून केंद्र अधिक जोरकस मिळूनही तिच्यावर येत नसत, म्हणजे प्रक्षेपक आणि रिसीव्हर दोन्ही निर्दोष होते.

अरेषीयतेमुळे दोन सिग्नल एकमेकांत मिसळून नव्या वारंवारिताही तयार होतात; हेच इंटरमॉड्युलेशन. ॲम्प्लिफायरचा हा दोष आकड्यात मांडण्यासाठी एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दोन सिग्नल जनरेटर आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर (कोणत्या वारंवारितेवर किती सिग्नल आहे ते दाखवणारे उपकरण) वापरण्याची परवानगी मिळाली. मी ५ आणि ७ मेगाहर्ट्झ निवडले, कारण त्यांची दुसऱ्या क्रमाची उत्पादिते (मिश्रणातून उपजणारे सिग्नल; इथे वजाबाकी आणि बेरीज) २ आणि १२ वर, तिसऱ्या क्रमाची (एकाच्या दुपटीतून दुसरा वजा) ३ आणि ९ वर येतात आणि १० व १४ वरील हार्मोनिकांशी (मूळ वारंवारितेच्या पटींशी) त्यांची गल्लत होत नाही. एका जनरेटरचा सिग्नल दुसऱ्यात शिरून तिथेच मिश्रण होऊ नये म्हणून प्रत्येकापुढे ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) आणि लो-पास फिल्टर (फक्त खालच्या वारंवारिता जाऊ देणारा) लावला. दांड्याच्या जागी १० पिकोफॅरडचा कपॅसिटर धातूच्या डबीत बसवला, कारण एक मीटर दांड्याची धारिता साधारण तेवढीच असते.

पहिले वाचन अनपेक्षितपणे वाईट आले. ॲनालायझरपुढे १० डेसिबलचा ॲटेन्युएटर जोडला तेव्हा मूळ सिग्नल १० ने उतरले, पण १२ मेगाहर्ट्झवरचे उत्पादित २० ने उतरले. बाहेरून आलेले असते तर तेही १० नेच उतरले असते; म्हणजे ते ॲनालायझरच्याच मिक्सरमध्ये तयार होत होते. ५ आणि ७ अडवणारा हाय-पास फिल्टर लावल्यावर ते बरेच घटले. उरलेल्याचा माग घेण्यासाठी ॲम्प्लिफायर काढून दोन्ही सिग्नल, अँटेनाच्या केबलमधूनच ॲम्प्लिफायरला वीज पुरवणाऱ्या जोडणीत थेट सोडले आणि तिच्यातून नेहमीचा प्रवाह वाहता ठेवला, तरी उत्पादित दिसतच राहिले. तिच्या चोकचा (सिग्नल अडवून वीज जाऊ देणाऱ्या कॉइलचा) लहान फेराइट गाभा त्या प्रवाहाने संपृक्त होत होता, म्हणजे त्याचे चुंबकत्व मर्यादेला पोहोचून तो अरेषीय वागत होता. मोठा गाभा घातल्यावर उत्पादित गोंगाटात बुडाले. या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ लागला आणि तो द्यायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

मग ॲम्प्लिफायर. आउटपुटवर प्रत्येक सिग्नल ० डीबीएम (म्हणजे १ मिलिवॉट) असताना दुसऱ्या क्रमाचे उत्पादित −५८, तिसऱ्या क्रमाचे −६६ डीबीएम आले; म्हणून आउटपुटचे छेदबिंदू (उत्पादित मूळ सिग्नलइतके होईल अशी काल्पनिक पातळी; जितकी जास्त तितके चांगले) अनुक्रमे +५८ आणि +३३ डीबीएम. इनपुट १ डेसिबलने कमी केल्यावर ही उत्पादिते अनुक्रमे २ आणि ३ डेसिबलने घटली, तेव्हाच आकडे ग्राह्य मानले. केंद्राचा सिग्नल अँटेनाच्या आउटपुटवर −१० डीबीएम मिळत होता. त्यावरून २६१० वर सुमारे −८४ डीबीएम, म्हणजे रिसीव्हरच्या सिग्नल-मीटरवर जवळपास एस-७ अपेक्षित होते, आणि रिसीव्हरचा मीटर तेच दाखवत होता. हा मेळ जुळल्याचे समाधान फार मोठे होते.

सुधारणेसाठी दोन फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) पुश-पुल, म्हणजे एकमेकांच्या उलट काम करतील असे, जोडून प्रीसेटने (स्क्रूने जुळवायच्या रोधाने) समतोल साधला. १२ मेगाहर्ट्झवरचे उत्पादित खोल उतरले, पण मराठवाड्यातल्या मे महिन्यात गच्चीवरची डबी हाताला चटका बसण्याइतकी तापते आणि तिथे समतोल टिकला नाही. अखेर समान प्रवाहाची जोडी निवडून दोन्ही फेट एकाच तांब्याच्या पट्टीला चिकटवले आणि दुपारी उन्हात, १२ व्होल्टच्या बॅटरीवर प्रीसेट जुळवला. दुसऱ्या क्रमाचा छेदबिंदू आता +७४ डीबीएम आहे, आणि मी तो नेहमी प्रवाह, तापमान आणि कपॅसिटरच्या मूल्यासह नोंदवतो.