लाकडी हात, तिसरा महिना: मनगट आणि होशिनो यांची हाडं

माणसाच्या हाताची हाडं मी एकेक करून लाकडात कोरतोय. त्यातल्या हॅमेट या हाडाचा आकडा दोनदा तुटला, तिसऱ्यांदा टिकला. मनगटाच्या आठ हाडांपैकी हे करंगळीकडचं. त्याला तळव्याच्या बाजूला एक छोटा बाक आलेला असतो, तोच आकडा. बोटांची हाडं लांबुळकी, म्हणून मी सगळे ठोकळे बोटांच्या दिशेने लाकडाच्या रेषा ठेवून कापले होते. बोटांना ते मानवलं. आकडा मात्र रेषेला आडवा उभा राहतो, त्यामुळे कानस जरा जोरात लागली की मुळाशीच टचकन मोडायचा. तिसऱ्या वेळी शिवणीच्या लाकडाचा ठोकळा फिरवला आणि रेषा आकड्याच्या लांबीत घेतली. आता अंगठ्याने दाबलं तरी हलत नाही.

हे काम हातात घेतलं ते हिरोशिमाचे वैद्य होशिनो र्‍योएत्सु यांच्यामुळे. जपानच्या एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) माणसाची हाडं जवळ बाळगायला मनाई होती. 1774 साली 'काइताइ शिन्शो' हा शरीररचनेचा अनुवादित ग्रंथ निघाला. आतली चित्रं सुरेख, पण चित्रातला सांधा फिरवून बघता येत नाही. होशिनोंना देहदंड झालेल्यांची प्रेतं मिळाली. त्यांची हाडं समोर ठेवून त्यांनी हारादा कोजी या कारागिराकडून अख्खा सांगाडा लाकडात कोरून घेतला. तो 1792 साली पुरा झाला. वैद्याच्या नावाशेजारी कारागिराचंही नाव टिकून राहिलं, याचा मला फार आनंद वाटतो. हाड कसं आहे हे वैद्य सांगेल, पण लाकूड कुठे दगा देईल हे कोरणाऱ्यालाच कळतं.

1798 साली होशिनो हा सांगाडा घेऊन एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला गेले. सुगिता गेन्पाकु आणि ओत्सुकी गेन्ताकु या तिथल्या मोठ्या वैद्यांनी तो पाहिला. त्याला 'शिन्कानगी' हे नाव ओत्सुकींनी दिलं. पुढे दुसरी प्रत करवून 1800 साली शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या वैद्यकशाळेला दिली. पहिला सांगाडा आज हिरोशिमा विद्यापीठाकडे आहे. ओसाकातले हाडवैद्य कागामी बुन्केन आणि ओकुदा मानरी यांनीही असे सांगाडे करवून घेतले. निखळलेला सांधा बसवणाऱ्याला हाडाचा बाक बोटांना ठाऊक असावा लागतो, म्हणून या वाटेने हाडवैद्य आले यात मला नवल वाटत नाही.

माझं काम त्यांच्यापेक्षा कितीतरी सोपं. भाची एमबीबीएसला आहे, तिच्याकडचा प्लास्टिकचा हात टेबलावर आहे. तरीही पहिल्या महिन्यात मी नुसता बघून कोरत होतो आणि स्कॅफॉइड (मनगटातलं अंगठ्याकडचं हाड) बटाट्यासारखं झालं. मग भाचीने डोळे मिटायला लावून एकेक हाड हातात दिलं. कुठली बाजू गुळगुळीत, कुठली खरखरीत, ते बोटांनी चाचपलं. गुळगुळीत बाजू म्हणजे शेजारचं हाड टेकतं ती. तेव्हापासून आधी या टेकणाऱ्या बाजू घासून एकमेकींवर बसवतो, बाकीचा आकार नंतर. स्कॅफॉइड त्यानंतर एका बैठकीत जमलं.

पिसिफॉर्म हे मनगटाचं हाड अगदीच लहान, वाटाण्याएवढं. करंगळीच्या बाजूला, तळव्याच्या मुळाशी दाबून बघा, टणक लागतं ते हेच. पकडीत धरता येईना, म्हणून काडीच्या टोकावर कोरलं आणि शेवटी कापून घेतलं.

हाताच्या 27 हाडांपैकी 14 झाली: मनगटाची आठ, तळव्याची पाच आणि अंगठ्याचं टोकाचं. सांध्यांसाठी आधी तार घेतली होती, पण मनगट वळवलं की कडा झिजतात. सध्या मेण लावलेला सुती दोरा आरपार ओवून बघतोय. भोक दीड मिलिमीटरचं ठेवलंय, ते पुढच्या आठवड्यात थोडं वाढवीन. अंगठ्याच्या मुळाशी असलेला खोगिरासारखा सांधा त्यानंतर. त्याच्यासाठी जुनी, नीट वाळलेली शिवण बाजूला काढून ठेवली आहे.