अहवालातील ‘आढळला नाही’

अन्नपदार्थांच्या सूक्ष्मजीव तपासणीच्या अहवालांत सर्वाधिक वेळा लिहिले जाणारे शब्द ‘आढळला नाही’ हेच असावेत. अहवाल वाचणारा त्यांचा अर्थ ‘जिवाणू नव्हता’ असा घेतो, आणि प्रयोगशाळेत वर्षे काढलेली माणसेही हळूहळू तोच अर्थ घेऊ लागतात. माझा हा समज फार लवकर दूर झाला, कारण तो दूर करणारी चूक माझीच होती. शिकाऊ असताना कोळंबीच्या काही नमुन्यांत व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा जिवाणू शोधण्याचे काम माझ्याकडे आले होते. नमुन्याचा लगदा पातळ करण्यासाठी मीठ घातलेले द्रावण वापरायचे असते. मी घाईत शेजारच्या रॅकमधील साध्या ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली उचलली. जिवाणू वाढवण्यासाठी ठेवलेल्या प्लेटा कोऱ्या राहिल्या, आणि मी समाधानाने नोंदवहीत ‘आढळला नाही’ असे लिहिले. माझ्या वरिष्ठांनी नोंद पाहून एवढेच विचारले, “त्यांना पाणी कोणतं दिलं होतंस?”

हा जिवाणू खाऱ्या पाण्यातला. मिठाविना तो वाढत नाही. ३ टक्के मिठात मात्र उत्तम वाढतो आणि ८ टक्क्यांतही तग धरतो. बिनमिठाच्या पाण्यात टाकले की ते पाणी पेशीत शिरते आणि पेशी फुगून फुटतात. म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा, त्याला मी शोधाच्या पहिल्याच पायरीवर मारून टाकले होते आणि नंतर तो नसल्याची नोंद केली होती. राखून ठेवलेल्या भागाची तपासणी मी योग्य द्रावण घेऊन पुन्हा केली, तेव्हा टीसीबीएस या व्हिब्रिओंसाठीच्या पोषक माध्यमावर हिरवट वसाहती, म्हणजे जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, उगवल्या. कॉलऱ्याचा व्हिब्रिओ त्याच माध्यमातील साखर आंबवून पिवळ्या वसाहती देतो आणि हा देत नाही, हा भेद मी त्या दिवशी पुस्तकाबाहेर पहिल्यांदा पाहिला.

पुढे वाचन वाढले तेव्हा लक्षात आले की या जिवाणूचा शोधच मिठाभोवती फिरतो. १९५० मध्ये ओसाका परिसरात अर्धवट वाळवलेल्या लहान माशांतून मोठी विषबाधा झाली. २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले. त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्या प्रकरणातून हा जिवाणू वेगळा केला, पण त्याचे मीठप्रेम ठळकपणे ध्यानात आले ते काही वर्षांनी, ताकिकावा या दुसऱ्या जपानी संशोधकाने माध्यमात जास्त मीठ घालून पाहिले तेव्हा. त्याआधी अशा किती आजाऱ्यांचे नमुने साध्या माध्यमावर पसरले गेले असतील आणि किती नोंदवह्यांत माझ्यासारखीच ओळ लिहिली गेली असेल, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

कोंबडीच्या मांसातील कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूची कथा याहून बोलकी आहे, कारण येथे प्रश्न एका घटकाचा नसून जिवाणूच्या सगळ्याच सवयींचा होता. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि तिच्या आतड्यात ऑक्सिजन अत्यल्प असतो. कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय नेमका याच घराला सरावलेला आहे. त्याला साध्या हवेतील २१ टक्के ऑक्सिजन सोसत नाही, पण ऑक्सिजन अजिबात नसला तरी त्याचे चालत नाही. सुमारे ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि उरलेला नायट्रोजन, असे मिश्रण त्याला मानवते. शिवाय तो सावकाश वाढतो. नेहमीच्या प्लेटवर, नेहमीच्या हवेत, ३७ अंशांवर ठेवलेल्या विष्ठेच्या नमुन्यात इतर आतड्यांतील जिवाणू एका रात्रीत सारी जागा व्यापत, आणि हा कधी दिसतच नसे.

थिओडोर एशरिश यांनी १८८६ मध्येच जुलाब झालेल्या बालकांच्या आतड्यात नागमोडी जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, मात्र ते प्लेटवर वाढवता आले नव्हते. १९५७ मध्ये एलिझाबेथ किंग यांनी ४२ अंशांवर वाढणाऱ्या अशा जिवाणूंचे वर्णन रुग्णांच्या रक्ताच्या नमुन्यांवरून केले. १९७२ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी वेगळीच युक्ती केली. हा जिवाणू बारीक आणि चपळ असल्याने ०.६५ मायक्रोमीटर छिद्रांच्या गाळणीतून तो पार होतो आणि जाडजूड सोबती मागे अडकतात. त्यांनी विष्ठा गाळून गाळलेला द्रव वाढवला. पण ही पद्धत सामान्य रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला रोज झेपणारी नव्हती. तशी झेपणारी पद्धत इंग्लंडमधील मार्टिन स्किरो यांनी १९७७ मध्ये दिली. रक्तमिश्रित माध्यमात तीन प्रतिजैविके घालून त्यांनी इतर जिवाणूंना रोखले, तापमान कोंबडीच्या शरीराइतके ठेवले आणि हवेतील ऑक्सिजन कमी केला. जुलाबाच्या ८०३ रुग्णांपैकी ५७ जणांत, म्हणजे ७.१ टक्क्यांत, त्यांना कॅम्पिलोबॅक्टर सापडला. जुलाब नसलेल्या १९४ जणांत एकदाही नाही. तोवर जवळजवळ कोणाच्या खिजगणतीत नसलेला जिवाणू काही वर्षांतच अनेक देशांत जुलाबाच्या प्रमुख जिवाणूजन्य कारणांत गणला जाऊ लागला. हा रोग नवा नव्हता. त्याच्या जिवाणूला राहता येईल अशी खोली आम्ही प्रयोगशाळेत नव्याने बांधली होती.

येथे एक गोष्ट विषयाच्या थोडी कडेची, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८१ मध्ये रॉबिन्सन नावाच्या संशोधकाने सुमारे ५०० जिवाणू मिसळलेले दूध स्वतः पिऊन पाहिले आणि त्याला यथासांग जुलाब झाले. कत्तलीच्या वेळी कोंबडीच्या आंधळ्या आतड्यातील एका ग्रॅममध्ये या जिवाणूंची संख्या कोटींच्या घरात असू शकते, हे लक्षात घेतले की पिसे काढताना किंवा आतडी ओढताना फुटलेल्या एका आतड्याचे मोल कळते. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये असे आम्ही सांगत असतो तेही यासाठीच. धुण्याने जिवाणू नाहीसे होत नाहीत, ते शिंतोड्यांवाटे आजूबाजूच्या भांड्यांवर जातात.

साल्मोनेला या जिवाणूचा नखरा असा नाही. तो साध्या हवेत, साध्या माध्यमावर वाढतो. त्याची अडचण वेगळी आहे. मांस थंड केलेले, गोठवलेले किंवा रसायनाने धुतलेले असते, आणि त्यातील पेशी मेलेल्या नसल्या तरी जखमी असतात. अशा पेशींना थेट, इतर जिवाणूंना रोखणाऱ्या कडक निवडक माध्यमात टाकले तर त्या तेथे दम तोडतात. म्हणूनच प्रमाणित पद्धतीत २५ ग्रॅम नमुना प्रथम बफर्ड पेप्टोन वॉटर या सौम्य पोषक द्रवात रात्रभर ठेवतात, आणि पेशी सावरल्यावरच पुढच्या कठोर माध्यमांकडे नेतात. नवशिक्यांना ही रात्र वाया गेल्यासारखी वाटते. मला विचाराल तर सगळ्या पद्धतीत हाच टप्पा सर्वांत शहाणपणाचा आहे.

या सौम्य टप्प्यालाही एकदा चकवा बसला. अमेरिकेतील कत्तलखान्यांत कोंबड्यांवर पेरॲसिटिक आम्ल किंवा सिटिलपिरिडिनियम क्लोराइड यांसारखी जंतुनाशके फवारली जातात. नमुना घेण्यासाठी अख्खी कोंबडी द्रवात खळबळली जाई तेव्हा तिच्या अंगावरचे जंतुनाशक त्या द्रवात उतरे आणि बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत प्रवासभर जिवाणूंना मारत राही. कोंबडीवर जे घडले नव्हते ते बाटलीत घडे, आणि कोंबडी स्वच्छ असल्याचा अहवाल निघे. अखेर २०१६ मध्ये तेथील तपासणी यंत्रणेने जंतुनाशक निष्प्रभ करणारे घटक घातलेले द्रावण वापरायला सुरुवात केली. माझ्या कोळंबीच्या नमुन्याशी या प्रकाराचे साम्य पाहून मला थोडा दिलासा मिळाला, हे मान्य करते.

पद्धत निर्दोष असली तरी तिच्यापुढे केवढा तुकडा ठेवला हा प्रश्न उरतोच. समजा, मांसाच्या दर १०० ग्रॅममागे साल्मोनेलाची सरासरी एक पेशी आहे आणि ती यदृच्छेने पसरलेली आहे. अशा मांसातून २५ ग्रॅमचा एक नमुना घेतला तर त्यात एकही पेशी नसण्याची शक्यता सुमारे ७८ टक्के येते. पाच नमुने घेतले तरी पाचही कोरे निघण्याची शक्यता २९ टक्क्यांच्या आसपास राहते. हे गणित शाळेतल्या मुलालाही समजावता येते, पण अहवालावर सही करताना ते क्वचितच कोणाला आठवते.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे जिवंत असूनही प्लेटवर न उगवणारा जिवाणू. रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की कॉलऱ्याचा व्हिब्रिओ प्रतिकूल स्थितीत अशा अवस्थेत जातो, की सूक्ष्मदर्शकाखाली तो जिवंत दिसतो पण कोणत्याही माध्यमावर वसाहत करत नाही. थंडीच्या महिन्यांतील समुद्रात कालवे खाण्याजोगी ठरतात ती व्हिब्रिओ कमी झाल्यामुळे की झोपी गेल्यामुळे, हा प्रश्न त्यानंतर वेगळ्या रीतीने विचारावा लागला. जनुके शोधणाऱ्या चाचण्या येथे मदत करतात, मात्र त्या मेलेल्या पेशीचे जनुकही तितक्याच उत्साहाने दाखवतात. आणि ‘आढळला’ हा शब्दही सरळ नसतो: समुद्रात सापडणाऱ्या पॅराहिमोलिटिकसच्या बहुतेक वाणांत, रुग्णांतील वाणांत नेहमी दिसणारे टीडीएच हे विष बनवण्याचे जनुक नसते. त्यामुळे मासळीत जिवाणू सापडल्यावर तो कोणता वाण आहे हे पाहिल्याशिवाय मी काही बोलत नाही.

बांगडा, ट्यूना, तारली या माशांच्या बाबतीत तर जिवाणू शोधणेच कधीकधी निरर्थक ठरते. मासा पकडल्यावर उन्हात राहिला की मॉर्गनेला मॉर्गनाय यांसारखे जिवाणू त्याच्या मांसातील हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टॅमिन हे त्रासदायक रसायन तयार करतात. नंतर मासा शिजवला, डबाबंद केला, तरी जिवाणू मरतात आणि हिस्टॅमिन उष्णतेला दाद न देता तसेच राहते. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते, आणि अनेकदा त्याला माशाची ॲलर्जी आहे असे सांगितले जाते. अशा डब्याच्या तपासणीत एकही वसाहत उगवत नाही. म्हणून या माशांच्या नमुन्यासोबत मी हिस्टॅमिनची मोजणी मागते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेने स्वच्छतेच्या दृष्टीने ठरवलेली मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. आणि अहवालात आता ‘आढळला नाही’ एवढेच न लिहिता ‘या पद्धतीने, २५ ग्रॅममध्ये आढळला नाही’ असे पूर्ण लिहिते. टंकलेखन करणाऱ्या सहकाऱ्याची त्यावर तक्रार आहे, कारण तो रकाना तेवढा रुंद नाही.