आमची वाटचाल: धुक्याचे हजार तुकडे ते बदामाची पंजी

आमच्या पहिल्या जिगसॉ पझलचे (तुकडे जोडून चित्र करायचं ते) साठेक बॉक्स अजून जिन्याखाली पडून आहेत. कुणी जेवायला आलं की जाताना एक हातात देते, पण आता ओळखीतले लोकसुद्धा "अगं आहे आमच्याकडे" म्हणून सटकतात. बॉक्सवर क्लिफ्स ऑफ मोहर, म्हणजे आयर्लंडमधले समुद्रकाठचे कडे, आहेत, म्हणजे आमच्या मते आहेत, बघणाऱ्याला नुसतं धुकं दिसतं.

मी मूळची सावंतवाडीची, नवरा चिपळूणचा. २०१६ ला मला इकडे आयर्लंडमध्ये गॉलवेला सॉफ्टवेअर टेस्टिंगचा जॉब लागला आणि आम्ही दोघं आलो. वर्क परमिटवर असताना स्वतःचा धंदा करता येत नाही, स्टॅम्प फोर (वेगळ्या परमिटशिवाय काम करू देणारी राहण्याची परवानगी) मिळाल्यावर करता येतो, आणि त्याला माझी दोन वर्षं गेली. नवऱ्याला तर तेव्हा नोकरीचं परमिटपण वेगळं काढायला लागायचं, ते काही जमेना, मग ती दोन वर्षं त्याने गळ्यात कॅमेरा अडकवून काढली. शनिवार-रविवार गाडी काढायची आणि निघायचं, मी चालवणार, तो खिडकीतून "थांब थांब" करणार. इथला पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळत नाही, दिवसभर नुसता भुरभुरतो, आणि लोक त्याला कौतुकाने 'सॉफ्ट डे' म्हणतात. लेन्स पुसायला मी माझ्या जुन्या कॉटनच्या ओढण्या फाडल्यात, किती ते विचारू नका.

२०१८ ला स्टॅम्प फोर आला, बिझनेसचं नाव रजिस्टर केलं आणि सेंट निकोलस चर्चशेजारी जो शनिवारचा बाजार भरतो तिथे एका ओळखीच्या बाईंच्या स्टॉलच्या कोपऱ्यात फोटोप्रिंट आणि कॅलेंडर मांडून उभे राहिलो. प्रिंट पावसात भिजायच्या आणि कॅलेंडरची जानेवारी उजाडली की रद्दी. दोन वर्षं असंच चाललं, फायदा म्हणाल तर पेट्रोल निघायचं.

मग २०२० चा मार्च. इथे लॉकडाऊनमध्ये घरापासून आधी दोन किलोमीटर, मे महिन्यापासून पाच किलोमीटर, त्यापलीकडे फिरायला बंदी. टूरिस्ट शून्य. पण घरात अडकलेले लोक पझलवर तुटून पडले होते, दुकानांत मिळेनात, तर आम्ही म्हटलं आपल्याकडे फोटो आहेत, छापून घेऊ. छापणाऱ्याची अट एका डिझाइनचे कमीत कमी तीनशे नग. नवऱ्याने त्याच्या जुन्या फोटोंतला सगळ्यात लाडका निवडला, मोहरचे कडे, २१४ मीटर उंच, खालून समुद्रावरून धुकं वर येतंय आणि कड्याची फक्त काळी धार दिसतेय. भिंतीवर लावला तर खरंच बघत राहावा असा फोटो आहे. मला विचाराल तर आजही त्याचा बेस्ट तोच.

पहिल्या पंधरा दिवसांत दीडशे गेले आणि आम्ही एकदम हवेत. नंतर इमेल यायला लागल्या. एका बाईंनी लिहिलं होतं, तीन आठवडे झाले, मी ढगाला ढग जोडतेय, नवरा माझ्याशी बोलत नाही. दुसऱ्याने अर्धवट झालेल्या पझलचा फोटो पाठवला, खाली कड्याची धार पूर्ण आणि वर टेबलभर सहाशे राखाडी तुकडे. मी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणते, "गो, ह्या काय? सगळा पांढराच दिसता मगे!" लेकीचं कौतुक वगैरे काही नाही.

तिथे माझ्यातला टेस्टर जागा झाला. हजार तुकड्यांचं पझल म्हणतात ते बहुतेक वेळा ३८ गुणिले २७ असतं, म्हणजे १०२६. मी नवऱ्याच्या फोटोवर स्क्रीनवर तशी जाळी टाकली आणि ज्या चौकोनात एकच रंग आहे ते मोजत बसले. मोहरच्या फोटोत ६४० निघाले! तेव्हापासून घरात नियम आहे, दीडशेच्या वर गेले की फोटो बाद, मग तो काढायला पहाटे तीनला उठले असाल तरी. यावरून भांडणं झालीत, खोटं कशाला सांगू. त्याचं म्हणणं की मोकळं आकाश हाच तर फोटोचा श्वास, माझं म्हणणं की तो श्वास कुणाला तरी तुकड्या-तुकड्याने जोडायचाय.

दुसरं पझल केलं कॉर्कजवळच्या कोव्ह गावाचं (स्पेलिंग बघून वाचायला गेलात तर चुकणार, पहिलं वर्षभर मी 'कोभ' म्हणत होते). टायटॅनिक शेवटचं थांबलं ते हेच बंदर, ११ एप्रिल १९१२ ला, तेव्हा त्याचं नाव क्वीन्सटाऊन होतं. तिथे एका चढावर रंगीत घरांची रांग आहे, निळं, पिवळं, गुलाबी, एकाला एक चिकटून, आणि मागे सेंट कोलमन कॅथीड्रलचा उंच मनोरा. गावातले लोक त्या घरांना 'डेक ऑफ कार्ड्स' म्हणतात, का तर सगळ्यात खालचं घर पडलं तर वरची सगळी धडाधड पडतील. आपला पत्त्यांचा बंगलाच की! खिडक्या, धुरांडी, कौलं, जाळीतल्या प्रत्येक चौकोनात काहीतरी आहे. ते तीनशे नग नाताळच्या आधी संपले आणि परत छापायला लागले.

आता सगळं सुरळीत झालं असं वाटत असेल तर सांगते. माल मागच्या शेडमध्ये ठेवला आणि फेब्रुवारीत उघडून बघते तर बॉक्स वाकलेले, पुठ्ठा ओल पिऊन फुगलेला, तुकडा तुकड्यात बसेना. कोकणातली बाई असून मला ओल कळू नये! आईने लगेच ऐकवलंच. तेव्हापासून माल आमच्या झोपायच्या खोलीत आहे आणि आम्ही मालाच्या मध्ये झोपतो. मग कागदपत्रांची गंमत. युरोपच्या नियमात पाचशेपेक्षा जास्त तुकड्यांचं पझल खेळणं धरत नाहीत, पण बरोबर पाचशेचं केलं की ते खेळणं झालं, मग सुरक्षिततेचा सीई मार्क, टेस्टिंग, फाइल सगळं आलं. आम्ही पाचशेवालं आधी जाहीर करून बसलो आणि नंतर हे वाचलं. रोज दुसऱ्यांच्या चुका शोधून पगार घेणारी मी.

हरवलेल्या तुकड्यांचं तर एक वेगळंच खातं आहे आमच्याकडे. लोकांचा एक तुकडा हमखास हरवतो, कुत्रा खातो, व्हॅक्युममध्ये जातो. एका डिझाइनला डाय (तुकडे कापायचा साचा) तोच असल्यामुळे दुसऱ्या बॉक्समधला तुकडा बरोबर बसतो, म्हणून प्रत्येक डिझाइनचा एक बॉक्स फोडून ठेवलाय. गिऱ्हाइकाने भोकाचा आणि आजूबाजूचा फोटो पाठवायचा, आम्ही रात्री जेवणं आटपली की डायनिंग टेबलावर ताटं पसरून शोधायला बसतो. एकदा कॅथीड्रलच्या छपराचा एक तुकडा शोधायला पावणेदोन तास लागले, तो मिळाल्यावर आम्ही दोघं ओरडलो तर वर झोपलेली मुलगी उठली. पाकिटात घालून पाठवतो, पैसे घेत नाही. यात धंदा म्हणून काही अर्थ नाही, पण त्यातली निम्मी माणसं पुढच्या नाताळला परत येतात.

पत्त्यांकडे वळलो ते टूरिस्ट परत आल्यावर, २०२२ ला. अमेरिकन लोक स्टॉलवर यायचे, पझल उचलायचे, वजन बघायचे आणि परत ठेवायचे, बॅगेत जागा नाही म्हणून. पत्त्यांचा कॅट कसा, खिशात जातो. आणि हिशेब मनासारखा जुळत होता, आयर्लंडचे जुने प्रांत चार आणि पत्त्यांचे रंग चार. लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट, अल्स्टर. बावन्न फोटो, बत्तीस काउंट्या (आपले जिल्हे म्हणा). कागदावर लिहून बघा म्हणजे कळेल किती अवघड आहे ते, कारण लेन्स्टरमध्ये १२ काउंट्या, अल्स्टरमध्ये ९ (त्यातल्या सहा उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे तिथे पौंड चालतो), मन्स्टरमध्ये ६ आणि आमच्या कॉनॉटमध्ये फक्त ५, पानं मात्र प्रत्येकाला तेरा. मन्स्टरला प्रत्येकी दोन दिले तर बारा होतात, तेरावं पान त्यातल्या केरीला दिलं, कॉर्कला नाही. त्यावरून कॉर्कच्या एका दुकानदाराने मला फोनवर जे ऐकवलं ते हसत हसत होतं खरं, पण ऑर्डर अर्धीच दिली. बदाम आम्ही कॉनॉटला दिले, घरचंच आहे म्हणून.

पहिला लॉट देखणा झाला होता. काळ्या कोअरचा कागद, म्हणजे उजेडात धरलं तरी पलीकडचं दिसत नाही. प्रत्येक पानावर कडेपर्यंत फोटो, एक्का-राजा-राणीवर सगळ्यात गाजलेल्या जागा. अँट्रिमचा जायंट्स कॉजवे, ते चाळीस हजार दगडी खांब, तो अल्स्टरचा एक्का. स्केलिग मायकल हे समुद्रातलं खडकाळ बेट मन्स्टरचा, ज्याच्यासाठी आम्ही तीनदा पोर्टमॅगीला जाऊन बोट रद्द झाली म्हणून परत आलो होतो. मागच्या बाजूला परत मोहर, या वेळी उन्हातले.

आणि मग हे पत्ते अशा माणसाच्या हातात पडले ज्याला खरंच खेळायचं होतं. आमच्या शेजारच्या गावातले एक आजोबा, शेतकरी, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी कॅट पिसला, पानं हातात धरली, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, पोरी, हे छान आहे गं, पण यात इस्पिक कुठे आणि किलवर कुठे? खरंच होतं, गडद फोटोवर कोपऱ्यातला आकडा दिसतच नव्हता. मग त्यांनी एक पान उलटं करून मला दाखवलं. मागचा फोटो उलटा झाला की आकाश खाली जातं, म्हणजे एखाद्याने एक्के मुद्दाम उलटे लावले तर पाठीवरून ओळखता येतात. पत्त्याची पाठ कशी उलटसुलट सारखी पाहिजे. लहानपणी मेंढीकोट खेळून हात झिजलेत माझे, पण हे डोक्यात आलं नाही ते नाहीच.

शेवटचं त्यांनी जे विचारलं ते मला नीट कळलंच नव्हतं, "पंजीवर काय लावलंयस?" बदामाच्या पंजीवर रॉसकॉमनचं एक कुंपण आणि दोन मेंढ्या होत्या, उरलेल्या फोटोंतला एक उचलून लावलेला. मग त्यांनी बसवून 'ट्वेंटी-फाइव्ह' शिकवला. प्रत्येकाला पाच पानं, एका हाताचे पाच गुण, पंचवीसला गेम. यात हुकमाची पंजी सगळ्यात मोठी, तिच्याखाली हुकमाचा गुलाम, त्याच्याखाली बदामाचा एक्का, मग हुकूम कुठलाही असो. आकड्यांच्या पानांचं तर अजब, लाल रंगात मोठा आकडा मोठा आणि काळ्या रंगात लहान आकडा मोठा, इस्पिकची दुरी इस्पिकच्या दश्शीला मारते. मी चक्रावलेच. रात्री आईला सांगितलं तर तिला काही विशेष वाटलं नाही. म्हणाली, आपल्या गंजिफातपण तसंच, अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि अर्ध्यांत एक्का मोठा. माझ्या आजोळी दशावतारी गंजिफाचा एक लाकडी डबा होता, गोल पानं, १२०, आम्ही पोरं ती चकत्या म्हणून उडवायचो. खेळायचं कुणी शिकवलं नाही आणि आम्हीपण विचारलं नाही.

दुसऱ्या लॉटला सगळं बदललं. कोपऱ्यात पांढरी पट्टी आणि ठसठशीत आकडा, पाठीवर केल्टिक गाठीचं नक्षीकाम जे कसंही धरलं तरी तेच दिसतं, आणि सगळ्यात भारी चार फोटो चार पंज्यांवर. बदामाच्या पंजीवर कॉनॉटच्या कॉनेमारातली कायलमोर अॅबी (जुना मठ), तळ्यात तिचं पूर्ण प्रतिबिंब पडलेलं, वारा पडावा म्हणून नवरा चार वर्षं तिथे चकरा मारत होता. टूरिस्ट विचारतात, एवढा सुंदर फोटो पाचावर का? इथला माणूस विचारत नाही, तो पान बघतो आणि हसतो.

बाकी आता ठीक चाललंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने ८०० डॉलरखालच्या पार्सलची ड्युटी माफी काढून टाकल्यापासून तिकडच्या ऑर्डरी रोडावल्यात, ब्रिटनला पाठवायचं तर कस्टमचा फॉर्म आहेच. माझी नोकरी अजून चालू आहे, नवरा पूर्णवेळ याच्यात.

नाताळच्या आधी इकडे गावोगावच्या हॉलमध्ये ट्वेंटी-फाइव्हचे डाव लागतात, बक्षीस टर्की पक्षी. मागच्या वेळी आजोबांच्या गावच्या हॉलला आम्ही बारा कॅट दिले आणि मीपण खेळायला बसले, स्टीलच्या मोठ्या भांड्यातला चहा, हॅमचं सँडविच (मी चीजचं घेतलं), एका टेबलावर सहा जण. हुकूम बदाम होता. माझ्याकडे गुलाम होता, मी जोशात टाकला, आणि शेजारच्या काकांनी कायलमोर अॅबी अशी दाणकन आपटली की कपातला चहा हिंदकळून तळ्यावर सांडला. घरी आल्यावर नवऱ्याने पहिलं विचारलं, फोटोबद्दल काय म्हणाले? म्हटलं काही नाही रे, हात उचलला आणि पुढचं पान मागितलं.