आलेख धाडकन खाली आला त्या दिवशी

वसईतल्या एका जुन्या चर्चच्या ऑफिसात मी काम करते. काम म्हणजे दाखले लिहायचे, मिस्सांची (म्हणजे चर्चमधल्या उपासनेची) इंटेन्शन घ्यायची, म्हणजे कोणासाठी प्रार्थना करायची ते लिहून घ्यायचं, आणि "फादर आहेत का?" या प्रश्नाला दिवसातून तीसदा उत्तर द्यायचं. तर चर्चच्या ज्युबिलीची स्मरणिका निघणार होती आणि कमिटीतल्या एकांना आयडिया सुचली की धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, वाढ दाखवणारा आलेख छापूया, पानभर, कलरमध्ये. आकडे कोण काढणार? अर्थात मी.

वाढ मोजायची तर बाप्तिस्म्याची रजिस्टरं काढावी लागतात. बाप्तिस्मा आणि लग्नं वहीत लिहून ठेवायचा नियम १५६३ चा, कॅथलिक बिशपांच्या ट्रेंट परिषदेचा, आणि वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ ला, म्हणजे आपल्याकडे ही पद्धत किती जुनी बघा. पण १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्यानंतर मिशनरी निघून गेले, त्या उलथापालथीच्या आधीचं आमच्या कपाटात काहीच नाही. जी वही सगळ्यात जुनी आहे तिला कसर लागलीय, पान उलटताना श्वास धरावा लागतो.

मी शनिवार निवडला, एक्सेल उघडलं आणि वर्षावर्षाच्या नोंदी मोजत बसले. आधी पोर्तुगीज, मग इंग्रजी, मग मराठी. पूर्वी वसई दमण धर्मप्रांतात (म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशात) होती, १९२८ ला मुंबईच्या धर्मप्रांताकडे आली, तिथे शिक्का बदलतो. बिशप भेटीला आले की रजिस्टर तपासून सही करतात, त्या सह्या मध्येच दिसतात. एका फादरांचं अक्षर मोत्यासारखं, त्यांच्यानंतरच्या फादरांचं बघून वाटतं मुंगी शाईत बुडवून सोडलीय. नावं तर विचारूच नका, एकाच पानावर तीन फ्रान्सिस, तिघांचं आडनाव एकच, मग कोणीतरी पेन्सिलीने बाजूला आळीचं नाव टाकलेलं, त्या पेन्सिलवाल्या अनोळखी माणसाचे मी मनातल्या मनात शंभरदा आभार मानले.

दुपारपर्यंत आलेख मस्त चढत होता. आणि मग एका वर्षी धाडकन खाली, आदल्या वर्षाच्या अर्ध्याहूनही कमी!

पहिला संशय पानं फाटली असतील. नाही, पान नंबर सलग होते. मग वाटलं साथ आली असेल, म्हणून मृत्यूचं रजिस्टर काढलं, तर मरणंही त्या वर्षी कमीच, लग्नंही कमी. म्हणजे निम्मं गाव उठून गेलं की काय? पण कोणी घरं सोडून गेल्याचं कधी ऐकलं नव्हतं. मी फादरांना विचारलं, तर त्यांची इथे बदली होऊन वर्षही झालं नव्हतं, ते म्हणाले जुन्या माणसांना विचार.

चारच्या सुमाराला आमचे जुने सॅक्रिस्टन, म्हणजे मिस्साची तयारी बघणारे, काका आले, संध्याकाळच्या मिस्सासाठी. ऐंशी उलटलेत, पण घंटा अजून तेच वाजवतात. त्यांना स्क्रीनवरचा खड्डा दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि हसायलाच लागले.

"अगं पोरी, त्या वर्षी आमच्याकडचं चर्च वेगळं झालं ना!"

मग बसले आणि सांगत गेले. पलीकडच्या आळ्यांतली माणसं आधी शेताच्या बांधावरून चालत इथे यायची, पावसाळ्यात चपला हातात घेऊन. मग तिकडे एक लहान चॅपल झालं, इथले फादर सायकलवरून रविवारी मिस्सा द्यायला जायचे, वस्ती वाढत गेली, आणि एक दिवस बिशपांनी स्वतंत्र धर्मग्राम जाहीर केला. सगळे खूश झाले असतील असं मला वाटलं. काका म्हणाले, छे, माझी आई कित्येक महिने फादरांशी बोलली नाही, कारण तिची सगळी माणसं इथल्या दफनभूमीत, आणि तिला आता तिकडे पुरणार. हद्द रस्त्यावरून गेली होती, एक भाऊ या बाजूला, एक त्या बाजूला, सणाची वर्गणी कुठे द्यायची यावरून घरात भांडण.

मी हे कमिटीला फोनवर सांगितलं. उत्तर काय, "आलेख पडलेला बरा दिसत नाही, ती वर्षं गाळून टाका." इथे मात्र मी हट्टाला पेटले. गाळायचं कशाला? धर्मग्राम वाढला म्हणूनच त्याला फाटा फुटला ना! मी सरळ तिकडच्या ऑफिसला फोन लावला, तिथल्या सिस्टरांनी रविवारी त्यांचे आकडे व्हॉट्सॲपवर पाठवले, दोन्ही मिळवले तर रेघ खड्ड्यावरून सरळ वर गेली. (शेवटी छापल्या दोन रेघा, दोन रंगांत, कमिटी थोडी नाराजच आहे.)

पुढची वर्षं पटापट झाली. १९९८ ला मुंबईतून वसई धर्मप्रांत वेगळा झाला, म्हणजे तेच पुन्हा, मोठ्या मापात. त्यानंतरच्या पानांवर पत्ते बदलत जातात, आळ्यांच्या जागी बिल्डिंग, विंग, फ्लॅट नंबर, आणि आई-वडिलांचं मूळ गाव मंगळूर, गोवा, केरळ.

निघता निघता काका म्हणाले, माझं पान दाखव. सापडायला वेळ लागला, त्याच नावाचे दोघे होते, पण धर्ममातेचं (बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणाऱ्या बाईचं) नाव त्यांना पाठ होतं. ओळीच्या समासात दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा पुढचा संस्कार), खाली लग्नाची नोंद. बाप्तिस्म्यासमोर लग्न लिहायची सक्ती १९०८ पासूनची, म्हणून लग्न कुठेही लागो, ते चर्च इथे कळवतं आणि आम्ही जुनी वही काढून लिहितो. काकांचं लग्न बायकोच्या धर्मग्रामात झालं होतं.

मी विचारलं, तुमचं घर तर हद्दीच्या पलीकडे, मग इतकी वर्षं घंटा इथे कशी काय?

"तिथे मला कोणी बोलावलं नाही आणि इथे मला कोणी जा म्हटलं नाही," म्हणाले, आणि किल्ली घेऊन गेले, सहाची मिस्सा होती.